चौथा ग्लास

शैला गेल्याचं मला तिच्या यजमानांनी, श्रीधररावांनी, फोनवर सांगितलं. मी अप्पा बळवंत चौकात नातीसाठी पुस्तकं घेत होते. "रेखाताई, शैला गेली," एवढंच ते म्हणाले. आजार माहीत होता, शेवट कळून चुकला होता... तरी दुकानदाराने पुढे केलेली पिशवी घ्यायची, हेसुद्धा मला सुचेना. आता महिना होत आला. भेटायला येणारे तिच्या आजारपणाबद्दल विचारतात. मला मात्र सारखी आठवते ती बाणेरच्या एका हॉटेलातली संध्याकाळ.

नारायण पेठेत आमची दारं समोरासमोर. शैला कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकवायची, आणि निवृत्तीनंतर वाइनचं परीक्षण करणं हेच तिचं काम झालं होतं. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकून टाकायचा आणि काय जाणवलं ते लिहायचं. पेठेत याची चर्चा व्हायचीच. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा जिन्यातच विचारलं, आज कुठे प्यायला निघालात? ती म्हणाली, "प्यायला नाही, थुंकायला. येताय?" पुन्हा त्यांनी विचारलं नाही. मी जन्मभर बँकेत नोकरी केलेली बाई, मला यातलं काही कळत नव्हतं. त्यामुळे बाणेरच्या परीक्षणाच्या दिवशी ती "माझ्याबरोबर चल" म्हणाली तेव्हा वाटलं, परतताना सोबत हवी असेल.

रिक्षा विद्यापीठ चौकात अडकली आणि तिथे तिने सांगितलं. काही महिन्यांपासून तिला कसलाच वास येत नव्हता. आधी सर्दी वाटली, मग तपासण्या झाल्या, आणि मेंदूत गाठ निघाली. श्रीधररावांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. आंबट, तुरट, कडू जिभेला कळतं, म्हणाली, बाकी सगळं नाकाचं काम. मी शेजारी बसायचं, ग्लास हुंगायचा आणि काय आठवतं ते हळूच सांगायचं. मी घाबरले. आजच्या दिवस नाही म्हणून कळव, अशी गळ घातली. ती बाहेरच्या गाड्यांकडे बघत राहिली. "नाक गेलं म्हणजे मी गेले, रेखा." मग मी तयार झाले.

हॉलमध्ये चार परीक्षक होते आणि प्रत्येकासमोर रेड वाइनचे पाच ग्लास. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, वर फक्त आकडे. कुठली कुणाची, ते परीक्षकांना ठाऊक नव्हतं. वाइन करणारे समोरच्या खुर्च्यांवर बसले होते. पाचांतल्या दोन वाइन त्या हॉटेलच्या मेन्यूत जाणार होत्या, त्यामुळे हवेत ताण होताच. पहिल्या ग्लासाला मला पिकलेल्या जांभळांचा वास आला. दुसऱ्यात लवंग होती, आणि नुकतं कापलेलं लाकूड. तिसरा गुलकंदासारखा, जरा जास्तच गोड. मी वाकून सांगत होते, शैला घोट घेऊन जिभेला काय लागलं ते ताडून बघत लिहीत होती. समोर बसलेले परीक्षक, हॉटेल व्यवसायात मुरलेले एक गृहस्थ, आमच्याकडे रोखून बघू लागले.

चौथ्या ग्लासात फळाचा वासच नव्हता. "माळ्यावर ओल धरलेल्या पुठ्ठ्यासारखा येतोय," मी पुटपुटले. शैलाचं पेन थांबलं. तिने मला पुन्हा हुंगायला लावलं. मग घोट घेतला, बराच वेळ जिभेवर ठेवला. "जिभेला तर उत्तम आहे," ती स्वतःशीच म्हणाली. कधीकधी बूच दोषी निघतं आणि तेवढी एकच बाटली बिघडते, त्यात वाइनचा काही दोष नसतो, हे तिने मला हलक्या आवाजात सांगितलं.

मतं सांगायची वेळ आली. त्या गृहस्थांनी चौथी मातकट म्हणून बाद केली, बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. शैला म्हणाली, हा बुचाचा वास आहे, बाटली खराब आहे, याच वाइनची दुसरी उघडा. ते गृहस्थ हसले. "मला तसा वास येत नाही. तुम्हाला येतोय का, मॅडम? मघापासून बघतोय, ग्लास तुमची मैत्रीण हुंगतेय."

टेबलाखाली मी तिचं मनगट धरलं. "येतोय" म्हणाली असती तर निभावलं असतं... तिने पेनला टोपण लावलं.

"मला कसलाच वास येत नाही. बरेच महिने झाले. हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय आणि ही उगाच काही सांगणारी नाही. माझं नाव परीक्षकांतून काढा, पण बाटली बदला."

दुसरी बाटली येईपर्यंत आमच्याकडे कुणी बघेना. शैला ताठ बसली होती. बूच निघालं. त्या गृहस्थांनी ग्लास हुंगला, परत आधीचा हुंगला, परत नवा. त्यांचा चेहरा उतरला. "आधीच्या बाटलीत दोष होता," ते म्हणाले, आणि मग आमच्याकडे बघून मान तुकवली.

चौथी वाइन दुसऱ्या क्रमांकावर आली आणि मेन्यूत गेली. ती जुन्नरकडच्या एका तरुण मुलीची होती, तिची पहिलीच. आभार मानायला आली तर शैलाने तिला ऐकवलं, तुरटपणा जास्त आहे, पुढच्या वर्षी बघ. परतताना रिक्षात मात्र शैला रडली. त्यानंतर परीक्षणाची बोलावणी थांबली. ऑपरेशन झालं, पण वास परत आला नाही, आणि गाठही पुन्हा वाढली.

शेवटचे महिने ती आतल्या खोलीत पडून असायची. मी सकाळी गेले की विचारायची, आज कसला वास येतोय? मग मी कुणाची मेथी करपली, कुणाकडे तूप कढतंय, ते सांगत बसायची. ती डोळे मिटून ऐकायची, मध्येच "मोहरी जळली असेल" म्हणून माझी चूक काढायची.

परवा श्रीधररावांनी स्वयंपाकघर आवरायला बोलावलं. मी गोड्या मसाल्याचा डबा उघडला, हुंगला आणि मोठ्याने म्हणाले, "दगडफूल जरा जास्त झालंय गं." म्हटल्यावर लक्षात आलं, मी आतल्या खोलीकडे तोंड करून बोलले होते. श्रीधररावांनी डबा माझ्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवला. झाकण त्यांनी लावलं नाही, मीही नाही.