काकूंची तहानलेली झाडं आणि माझे दोन कुत्रे

डिसेंबरातली गोष्ट. नागपुरात रामदासपेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून नरखेड तालुक्यातल्या एका गावात राहायला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सोबत लॅपटॉप, दोन बॅगा आणि पोहा-तर्री नावाचे दोन कुत्रे.

खरं तर गाव गाठलं ते यांच्यासाठीच. दोघंही दीड वर्षाचे, वारं प्यायल्यासारखे. फ्लॅटमध्ये सोफा फाडला, दार कुरतडलं, खालच्या मजल्यावरच्यांची झोप उडवली... डॉक्टर म्हणाले, यांना औषध नको, पळायला जागा द्या. माझं काम घरूनच चालतं, मग घर कुठे का असेना!

संत्र्याच्या बागांना लागून दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. शेजारची बाग वनिताकाकूंची. पन्नाशीच्या, एकट्याने बाग सांभाळणाऱ्या, बोलणं मोजकं. पोहा-तर्री दिवसभर त्यांच्या बागेत हुंदडायचे आणि त्या काही म्हणायच्या नाहीत. उलट, वानरं फिरकत नाहीत म्हणून खूशच होत्या.

मला नसत्या चौकशा करायची खोड. मोटर पहाटेच का चालवता, बांधाला इथे धुरा का म्हणता, एसटी अमुकच झाडाखाली का थांबते... इथे 'का'ला 'काहून' म्हणतात; गावात माझं नाव 'काहूनवाली मॅडम' पडलंय, हे मला नंतर कळलं. पण जे विचारायला हवं होतं, नेमकं तेच विचारलं नाही.

झालं असं, की काकूंची झाडं सुकायला लागली. पानं वळली, पिवळी पडून गळायला लागली. विहिरीला पाणी भरपूर, मोटर धडधाकट, आणि बाई पाणी देत नाहीत! मी रोज बघायचे आणि रोज कोड्यात पडायचे. त्यात काकू चार दिवस लेकीकडे काटोलला गेल्या. मला वाटलं, विसरल्या असतील बिचाऱ्या.

मग काय... अंगणातला पाईप ओढला आणि धुऱ्यालगतच्या तीन झाडांची आळी काठोकाठ भरली. पाईप तिथपर्यंतच पुरत होता, नाहीतर अख्खी बाग भिजवली असती. इतकं पुण्य केल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

काकू एसटीतून उतरल्या त्या थेट बागेत. "मॅडम, इथं पाणी कोणं देल्लं?"

तेव्हा कुठे मला समजलं. बागेला ताण दिला होता. संत्र्याला महिना-दीड महिना मुद्दाम तहानलेलं ठेवतात आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पानं फुटतात. "हे तीन झाडं गेले आता पानावर," काकू म्हणाल्या. तीन झाडांचा बहार मी अर्ध्या तासात घालवला होता.

आणि मी काय बोलले? "नळ चालू राहिला असेल, कुत्र्यांनी पाईप ओढत नेला असेल..."

तोंडातून कसं निघालं, देव जाणे. दोघांना पाईपचं वेड आहे हे काकूंनीही पाहिलं होतं. त्यांनी एकदा पाईपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मंग बांधून ठेवत जा त्याईले," एवढंच म्हणाल्या.

बांधले. व्हरांड्याच्या खांबाला. पहिल्या दिवशी भुंकून भुंकून दोघांचे घसे बसले. दुसऱ्या दिवशी तर्रीने भाकरीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघं बागेकडे तोंड करून नुसते पडून राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी बसून ऑफिसचे मेल लिहीत होते...

ज्यांच्यासाठी नागपूर सोडलं त्यांनाच दोन हात दोरीवर आणून ठेवलं होतं. का, तर गावात माझं हसं होऊ नये, काकूंच्या मनातून मी उतरू नये म्हणून. लाज वाटली. खूप वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी गेले. काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांचे हात थांबलेसुद्धा नाहीत. "मले त्याच दिवशी समजलं होतं. कुत्रं पाईप ओढंन, पण तीन आळे बरोबर काठोकाठ भरंन का?"

मग बोलल्या का नाहीत?

"म्हटलं पाहू, त्या मुक्या जिवाईले किती दिवस बांधून ठेवते."

मी त्यांच्या पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला लागले. शेवटी त्याच म्हणाल्या, "जाय वं आता, सोड त्याईले. अन् मले विचारल्याशिवाय कोण्या झाडाची दया करू नको."

सोडलं. दोघं असे सुटले, की संध्याकाळपर्यंत घराकडे फिरकले नाहीत.

आता फेब्रुवारी आहे. काकूंची बाग पांढरीशुभ्र झालीय, सकाळी दार उघडलं की वासाने वेड लागतं. मधे तीन झाडं मात्र हिरवीगार, फूल औषधालाही नाही. येणारा-जाणारा थबकून बघतो.

परवा पलीकडच्या बागेचे दादा मोटरसायकल थांबवून विचारू लागले, "काकू, या तिघाईले काय झालं?" काकू गवत काढत होत्या, मी शेजारीच उभी. काकूंनी मान वरही केली नाही. "तान तुटला. मीनंच पाणी देल्लं, चुकली."

दादा मोठ्याने हसले. इतकी वर्षं बाग करून काकू आता चुकायला लागल्या, म्हणाले, आणि निघून गेले. काकू गवत काढत राहिल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही... मला आभार मानायचे होते, तेही राहून गेले.

माझी चूक मी दोन मुक्या जिवांवर ढकलली होती. या बाईने ती स्वतःच्या अंगावर घेतली.

काकू फेसबुकवर नाहीत. पण ते दादा आहेत, आणि माझ्या पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. दादा... त्या तीन झाडांना पाणी मी घातलं होतं.