युसुफचा बँजो आणि माझी एक ओळ

"अंकल, दादा इज नो मोर," युसुफच्या नातवानं फोनवर सांगितलं, त्याला महिना होऊन गेला. अल नहदाला त्यांच्या घरी गेलो, दुवा केली, चहा प्यालो... आणि खोटं बोलून परत आलो.

साठच्या दशकात आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, इथल्या आखाती वाळवंटात तेलविहिरीच्या कॅम्पवर होतो. तो भटारखान्यात, मी स्टोअरचा क्लार्क. जिम नावाचा अमेरिकन ड्रिलर बँजो वाजवायचा. आपल्या बँडपार्टीतला बटणांचा नव्हे. गोल, चामडं ताणलेला, पाच तारांचा. त्याच्या डोंगराळ मुलखातलं एक जुनं गाणं होतं, घराकडे निघालेल्या माणसाचं. युसुफ त्यापायी वेडाच झाला. जिमनं त्याच्या बोटांत पत्र्याच्या नख्या चढवल्या आणि रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. बोटं सोलवटली तरी गडी हटेना. "सगळं जमलं रे, पण शेवटी गाणं जे पळत सुटतं ना, तिथं माझा दम निघतो," म्हणायचा. जिम त्याला शेजारी बसवून जेवायचा. मी मॅट्रिक, इंग्रजी येणारा. मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. जळलो मी, सरळ सांगतो.

युसुफला लिहितावाचता येत नव्हतं. दर शुक्रवारी त्याच्या अब्बांना पत्र मी लिहायचो आणि खाली, रिवाजाप्रमाणे, लिहिणाऱ्याचा म्हणून माझाही सलाम. गावात मशिदीचे पेशइमाम ते चारचौघांत मोठ्यानं वाचतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी एकदा माझ्या सलामाशेजारी लिहिलं, 'युसुफ हल्ली गोऱ्याबरोबर बाजा वाजवत बसतो.'

दीड महिन्यानं उत्तर आलं. तेही मीच वाचून दाखवलं. "चारचौघांत माझी मान खाली गेली. तो हराम बाजा सोड, नाहीतर तोंड दाखवू नकोस." 'तुझ्या दोस्तानं कळवलं' हे शब्द मी गाळले.

"खलास," युसुफ एवढंच म्हणाला आणि बँजो जिमला देऊन आला. परत कधी हात लावला नाही.

त्या दिवशी घरी युसुफची बायको, जैनबभाभी म्हणाल्या, "शेवटपर्यंत हळहळायचे हो, गाणं अर्धवट राहिलं म्हणून. कुणी चुगली केली असेल? तुम्ही तर तिथंच होतात, भाईजान."

"काय माहीत..." मी म्हणालो.

"तुमचं नाव मात्र फार घ्यायचे. माझी सगळी पत्रं त्यानंच लिहिली, म्हणायचे."

भाभी, हा पेपर तुमच्याकडे येतो, आणि घरात मराठी वाचणाऱ्या आता तुम्ही एकट्याच. तो मी होतो.