हाराआडचा तात्पुरता नंबर

आमची पहिली गाडी गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर विरारच्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाऊंडात येऊन उभी राहिली. पुढं-मागं पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत तात्पुरता नंबर. मुदत एक महिना. तेवढ्या वेळात गाडी ठाण्याच्या आरटीओत पासिंगला न्यायची आणि पक्का नंबर घ्यायचा. महिना म्हणजे भरपूर, असं सगळ्यांनाच वाटलं.

पण आधी गणपतीचे दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, पासिंगचं नाव कोण काढणार? मग पितृपक्ष लागला. आईचे वडील, आगाशीचे आमचे आबा, यांनी फोनवरून बजावलं, "पक्षात नव्या गाडीचं काही म्हंजे काही करायचं नाय." घट बसले तेव्हा एजंट म्हणाला, आता दसऱ्याची गर्दी, नंतर बघू. आणि कागदावरची मुदत गुपचूप संपून गेली.

बाबा सरकारी नोकरीतले. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारा माणूस. "पक्का नंबर येईपर्यंत गाडी गेटबाहेर जाणार नाही," त्यांनी जाहीर केलं. आईचा चेहरा पडला. आबांचं हृदय त्या वर्षी फार थकलं होतं. जन्मभर ते केळीच्या लोंगरांबरोबर टेम्पोतून नाहीतर एसटीतून उभ्यानं फिरले. त्यांना एकदा तरी लेकीच्या गाडीतून आगाशीच्या बाजारातून न्यायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि आबांचा हट्ट असा, की बसेन तर दसऱ्यालाच.

दसऱ्याला आबा स्वतःच आले. आपल्या केळीच्या वाडीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी, मांडीवर झेंडूचा हार. त्यांनी गाडीची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, हार पुढं बांधला. तो नंबरावर आला तसा बाबांनी लगेच वर सरकवला.

"नंबर झाकायचा नसतो, आबा."

"अवो, पन तो नंबर मेलाय ना!"

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. कंपाऊंड म्हणजे काही रस्ता नव्हे. आबांना शेजारी बसवून त्यांनी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारल्या. पाण्याची टाकी, मीटरची खोली, पुन्हा पाण्याची टाकी. बाल्कन्यांतून लोक बघत होते. मागच्या सीटवर मला हसू आवरेना, आणि शेजारी पाहिलं तर आईचे डोळे भरलेले. आबा मात्र बाल्कन्यांकडे बघून ऐटीत हात हलवत होते.

उतरताना त्यांना दम लागला. दार धरून उभे राहिले. टेम्पो केव्हाच निघून गेला होता.

"एसटीवर सोडा मला, जाईन मी," ते म्हणाले.

बाबांनी त्यांना हात दिला. मग म्हणाले, "बसा, आबा."

गेटपाशी बाबांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि वर सरकवलेला हार हलकेच ओढून नंबरावर नीट पसरला. मागच्या नंबरावर आई न सांगता आपट्याची डहाळी खोचून आली. मी बाबांना असं काही करताना कधीच पाहिलं नव्हतं. त्या क्षणी ते मला फार आवडले.

वाटेतल्या बोळिंजपर्यंत बाबांची नजर सारखी रस्त्याच्या कडेला. खाकी कपडे दिसले की पाय ब्रेकवर. कुणी वॉचमन निघाला, कुणी रिक्षावाला. आगाशीच्या बाजारात आबांनी काच खाली केली आणि दिसेल त्याला हाक मारून सांगायला लागले, "लेकीची गाडी हाय!" गर्दीत गाडी अडकली, आणि समोर बंदोबस्ताचा हवालदार. आबांनी त्यालाही सांगितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. हवालदारानं हाराकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि हसून वाट करून दिली.

पक्का नंबर दिवाळीनंतर आला. आबा त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. पुढचा दसरा त्यांनी पाहिला नाही.

बाबा अजूनही दसऱ्याला हार घालताना नंबर मोकळा ठेवतात. त्या दिवसाचं विचारलं, तर मान खाली घालून म्हणतात, "वाऱ्यानं खाली आला असेल हार."

"हो," आई म्हणते, "वाराच होता."