आमचं एडिटिंग आणि उईकेचा नाला

माझ्या दुकानात एक ड्रॉवर आहे. लोकांनी काढायला लावलेले आणि न्यायला कधीच न आलेले पासपोर्ट फोटो त्यात पडलेले आहेत. कोणाचे आहेत ते आठवत नाही, पण फेकायलाही हात धजत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. ज्याच्या बाबतीत घडला तो मुद्दाम विसरतो, बाकीचे आपोआप विसरतात, आणि माझ्याकडचा गठ्ठा मात्र वाढतच जातो.

सडक अर्जुनीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे पाटीवर तरी आहे. घरोघरी मोबाइल आले तेव्हापासून आत झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालतं. पण कॉम्प्युटर चांगला आहे, म्हणून दर रविवारी तीन हौशी माणसं माझ्याकडे फोटो एडिटिंग करायला येऊन बसतात. बिसेन गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर. गुप्ताजी, हार्डवेअरवाले, मूळचे गोंदियाचे, त्यामुळे शिंकतातसुद्धा हिंदीत. आणि उईके, जंगलात वनमजूर. मी तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, आणि आता हे तिघं मला सावली कुठे पडावी ते शिकवतात.

गुरुजींना पक्ष्यांचा नाद, गुप्ताजींना डोंगर-आभाळाचा. उईकेला मात्र एकाच फोटोचा. त्याच्या टोल्याजवळचा, म्हणजे वस्तीजवळचा नाला! त्या नाल्याला पूल नाही. पाऊस लागला की टोला एका काठाला आणि शाळा दुसऱ्या. म्हणून त्याची पोरगी रोशनी आषाढापासून दिवाळीपर्यंत मामाकडे राहते. उईकेला ती एकच पोर. तो दर रविवारी तोच नाला स्क्रीनवर उघडून बसायचा आणि आम्ही त्याची टिंगल करायचो.

* * *

गुप्ताजी एकदा सहकुटुंब आमच्या इकडच्या प्रतापगडला गेले. वर महादेवाला हात जोडले, खाली दर्ग्यात माथा टेकला, मधल्या पायऱ्यांवर सगळ्यांचा एक फोटो काढला. रविवारी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं म्हणणं असं की डोंगर जरा छोटा वाटतो. मग दोन तास बसून त्यांनी मागे बर्फाची शिखरं लावली आणि फोटो स्टेटसला टाकला.

बालाघाटहून सासरचे फोन सुरू झाले. न सांगता काश्मीरला जाऊन आलात म्हणे! गुप्ताजींचा स्वभाव असा की कौतुकाला ते कधी नाही म्हणत नाहीत. बोलून गेले की अचानक प्लान बनला. पुढच्याच आठवड्यात सासरची सहा माणसं काश्मीरचे अक्रोड खायला दारात हजर. गुप्ताजींनी गोंदियाच्या बाजारातून अक्रोड आणले आणि पिशवीवरचा दुकानाचा छाप ओल्या फडक्यानं घासत बसले.

सासूबाईंनी अक्रोड फोडता फोडता फोटो निरखला आणि विचारलं, "बरफ में बिटिया सूती साड़ी में खड़ी है, ठंड नहीं लगी?"

गुप्ताजी म्हणाले, "दोपहर का समय था, माँजी."

* * *

सारस पक्षी म्हणजे आमच्या जिल्ह्याचा जीव की प्राण. आता मोजकेच उरलेत. बिसेन गुरुजींना तलावाकाठी एक सारस दिसला आणि त्यांनी लांबून त्याचा फोटो काढला. पण सारस जोडीनं राहतो, एकटा बरा दिसत नाही, म्हणून गुरुजींनी तोच पक्षी उलटा करून शेजारी उभा केला आणि जोडपं आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात नेऊन ठेवलं. गावाच्या ग्रुपवर लिहिलं, "आमच्या बांधीतले पाहुणे."

तिसऱ्या दिवशी पक्षी वाचवणारी पोरं दुर्बिणी घेऊन गुरुजींच्या शेताच्या धुऱ्यावर बसली. त्यांनी हात जोडून विनंती केली की इथं घरटं असणार, फवारणी करू नका आणि मधला धान कापू नका. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना 'खरे बोलावे' शिकवलं, आता खोटं कबूल कसं करणार? धान तसाच उभा राहिला. उंदरांची दिवाळी झाली.

त्या पोरांत एक मुलगी हुशार निघाली. तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि गुरुजींना अदबीनं विचारलं की दोन्ही पक्ष्यांचं तेच एक पीस कसं काय वाकलेलं आहे?

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं संसार झाला का नवरा-बायको सारखेच दिसून राहतात."

* * *

मी दुसऱ्यांनाच हसतो असं नाही. एक म्हातारबाबा पेन्शनच्या कागदाला फोटो पाहिजे म्हणून आले. या तिघांच्या संगतीनं माझ्याही हाताला खाज सुटली होती. मी बाबांच्या कपाळावरच्या रेघा पुसल्या, गालांना उजळा दिला, डोळ्यांखालचा काळा रंग काढला. बाबा खूश होऊन गेले.

दोन दिवसांनी काठी आपटत परत आले. खिडकीवरच्या माणसानं फोटो पाहून सांगितलं होतं की हा तुमचा मुलगा दिसतो, बापाला पाठवा.

बाबांनी काठी माझ्या काउंटरवर ठेवली. "सुरकुत्या वापस दे माझ्या," ते म्हणाले. "साठ वर्षं उन्हात उभा राहिलो तेव्हा आल्या त्या."

मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली. फोटो नवीन काढून दिला, जसा होता तसा.

* * *

आता उईकेचं. पुलासाठी त्यानं आजवर कितीतरी अर्ज केले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. यंदा अर्ज मोबाइलवरून करायचा होता आणि फोटो जोडल्याशिवाय तो पुढेच सरकत नव्हता. उईकेनं विचार केला की साहेबांना नाला कशाला दाखवायचा, नाले त्यांनी खूप पाहिलेत. कसा पूल पाहिजे तेच दाखवावं.

तीन रविवार तो माझ्या कॉम्प्युटरवर बसला. देवरीकडच्या रस्त्यावरचा एक पूल फोटोतून कापून त्यानं आपल्या नाल्यावर आणला, लहान केला, कठडे बसवले. गुरुजींनी सावलीची दिशा चुकल्याचं दाखवलं, त्यानं ती बदलली. गुप्ताजींनी आभाळ गुलाबी करायला सांगितलं, ते त्यानं ऐकलं नाही. शेवटी पुलावर सायकल घेऊन चाललेली रोशनी ठेवली, आणि पाण्यात तिचं प्रतिबिंबही पाडलं. खरं सांगतो, मला हेवा वाटला. आमच्या चौघांत इतकं सुंदर काम कोणाच्या हातून झालं नव्हतं. खाली त्यानं लिहिलं, "असा पूल पाहिजे."

दोन महिन्यांनी त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. अर्ज निकाली, काम पूर्ण. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. पूल तोच, सायकल तीच, पोरगी तीच. खालची ओळ तेवढी कापलेली.

आमचा उईके भोळा. त्याला वाटलं चूक झाली असेल, सांगितली की दुरुस्त करतील. तो कार्यालयात गेला. कार्यालयाचं नाव मी घेत नाही, मला दुकान चालवायचं आहे. तिथल्या बाबूनं स्क्रीन त्याच्याकडे फिरवली आणि हा पूल नाही तर काय आहे, असं विचारलं.

"पोरगी माझीच हाय साहेब," उईके म्हणाला. "पूल नाही."

"पोरगी तुझी, ते नाल्यावरून जाऊन राहिली, अन् पूल नाही म्हणतं. मंग ते उडून राहिली का?"

* * *

मग मात्र आम्ही चौघंही नाल्यावर गेलो. गुडघाभर चिखल, काठाला बांधलेला दोर, पलीकडे टोल्याची कौलं. मी जुना कॅमेरा बाहेर काढला आणि फोटो घेतला. दुकानात आल्यावर गुप्ताजींनी आभाळाला हात लावला नाही, गुरुजींनी बगळासुद्धा बसवला नाही. आमच्या मंडळातून बाहेर गेलेला तो पहिला फोटो, ज्याला कोणी बोट लावलं नव्हतं. आम्हाला स्वतःचाच अभिमान वाटला.

तो अर्ज आठ दिवसांत परत आला. शेरा होता, "छायाचित्रात फेरफार. पूल पुसून टाकलेला दिसतो."

उईके पुन्हा त्याच बाबूकडे गेला. बाबूनं त्याला सांगितलं की तुमची टोळी दर रविवारी काय करते ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. गुरुजींचा सारस ठाऊक आहे, गुप्तांचं काश्मीर ठाऊक आहे. असल्या लोकांनी काढलेल्या नाल्यावर सरकारनं विश्वास कायले ठेवायचा?

हे त्यानं आम्हाला सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. आमच्या गमतीची किंमत त्याच्या पोरीनं मोजली होती. गुप्ताजी उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. गुरुजींनी मात्र त्याच संध्याकाळी आपल्या हातानं कागदावर अर्ज लिहिला. सारस खोटा होता, काश्मीर खोटं होतं, पूल खोटा आहे, नाला तेवढा खरा आहे. कृपया साहेबांनी स्वतः येऊन पाहावं. खाली चौघांच्या सह्या केल्या. शाळेतल्या पोरांसमोर जे कबूल केलं नसतं, ते गुरुजींनी सरकारपुढे केलं.

आणि साहेब खरंच आले! भादव्यातला दिवस, वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झालेला. जीप नाल्याच्या काठाला थांबली, कारण पुढे रस्ताच नव्हता, दोन्ही काठ भरून लाल पाणी चाललं होतं. उईके पलीकडच्या काठावर उभा होता, त्याला इकडे येता येईना. तो तिकडून हात हलवत होता. रोशनी मामासोबत इकडच्या काठावर आली होती, ती इकडून हात हलवत होती. साहेब छत्रीखाली दहा मिनिटं उभे राहिले. एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा उईकेकडे, एकदा पोरीकडे. माणूस वाईट वाटला नाही. जाताना त्यांनी मान हलवली आणि रिपोर्ट पाठवतो म्हणाले.

आम्ही चौघं मनातून निर्धास्त झालो. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर आणखी काय पाहिजे?

पंधरा दिवसांनी रिपोर्टची प्रत आली. उईकेनं ती न उघडता माझ्या दुकानात आणली. गुरुजींनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचली.

"नाल्यास पूर असल्याने पलीकडे जाता आले नाही. सबब, पुलाची पाहणी होऊ शकली नाही."