पंगतीत माझी लेक बसली होती

नोकरी गेली तेव्हा मी देवाला दोष दिला नाही, कारण देवाशी माझं बोलणं त्याआधीच थांबलं होतं. आई होती तोवर तिच्यासोबत केळझरच्या गणपतीला जायचो. ती गेली आणि तेही सुटलं. पुढे संसार मोडला. त्यात चूक कोणाची, हे आता उगाळण्यात अर्थ नाही. दोघांनीही एकमेकांना पुरेसं दुखावलं होतं. बायको, वैशाली, आमच्या सईला घेऊन नाचणगावला आपल्या आईकडे राहायला गेली आणि मी वर्ध्यात भाड्याच्या एका खोलीत आलो. कोर्टात दोघींच्या पोटगीचा विषय निघाला, तेव्हा रक्कम मीच कबूल केली. "साहेब, माझ्या लेकीला मी काही कमी पडू देणार नाही," असं सगळ्यांसमोर छाती काढून बोललो होतो. त्या वाक्याचीच पुढे मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

कंपनीने आमचा विभाग बंद केला. स्टोअरमधली आम्ही सगळी माणसं एका दुपारी घरी आलो. फंडाच्या पैशांतून काही महिने पोटगी भरली, मग मोटरसायकल विकून भरली, आणि मग थांबली. खरं तर तेव्हाच कोर्टात जाऊन परिस्थिती सांगता आली असती. वकिलांनीही तेच सांगितलं होतं. पण त्याच साहेबांपुढे, वैशालीच्या देखत, 'माझ्याकडे काही नाही' असं म्हणायला जीभ उचलेना. सकाळी पाठीला बॅग लावून खोलीतून निघायचो, म्हणजे घरमालकाला वाटावं की कामावर चाललोय. दिवसभर कुठे कुठे काम विचारत फिरायचो. वैशालीचा फोन आला की मोबाईल पालथा ठेवायचो. पैशांसाठीच करत असेल, दुसरं काय, अशी मनाची समजूत घालायचो. नंतर तिने फोन करणं सोडलं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला हायसं वाटलं. थकलेल्या पोटगीसाठी तिने अर्ज केला. पहिल्या तारखेला मी गेलोच नाही. दुसऱ्या तारखेला आला नाहीत तर वॉरंट निघेल, असं वकिलांनी बजावलं.

त्या दिवशी जायचं ठरवूनच निघालो होतो. इस्त्रीचा शर्टसुद्धा घातला होता. कोर्टाच्या रस्त्याला लागलो. तिथल्या व्हरांड्यात वैशाली बसलेली असेल, पुकारा होईल, सगळे वळून बघतील, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी तसाच बसस्टँडवर गेलो. नागपूरकडे जाणारी गाडी लागली होती, तिच्यात चढलो. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. कंडक्टरने विचारलं तेव्हा तोंडातून आपसूक 'केळझर' निघालं. मी भक्तीने निघालो नव्हतो, मी पळत होतो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको.

टेकडीवर गर्दी होती, त्या दिवशी चतुर्थी आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. रांगेतून पुढे सरकत गाभाऱ्याशी पोचलो, हात जोडले, पण काही मागताच येईना. नोकरी दे म्हणू, वॉरंट चुकव म्हणू, काय म्हणू? ज्याच्या दारात पळून आलो त्याच्याकडे तोंड वर करून मागायचं तरी कसं. मागच्या माणसाचा धक्का लागला आणि मी बाहेर आलो. बाजूच्या मांडवात महाप्रसादाची पंगत बसत होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण फुकटचं जेवायला बसायचंही धाडस होईना, म्हणून मांडवाच्या खांबाला टेकून नुसता बसून राहिलो.

तेवढ्यात गळ्यात भगवा दुपट्टा टाकलेला एक जाडजूड माणूस घामाघूम होऊन समोर आला. त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या.

"ओ भाऊ, बसून काय राह्यले? वाढणारे कमी पडून राह्यले ना! हे वरण धरा."

मी नाही म्हणायच्या आत त्याने बादली माझ्या हातात दिली आणि तो दुसऱ्या टोकाला निघूनही गेला. मग मी वाढू लागलो. किती तरी दिवसांनी कोणीतरी मला काम सांगितलं होतं. खाली मान घालून एकेका पत्रावळीवरच्या भातावर वरण घालत पुढे सरकत होतो. माणसांची तोंडं बघतच नव्हतो. एका पत्रावळीशी वाकलो आणि समोरून आवाज आला, "बाबा?"

सई होती. तिच्या शेजारी तिची आजी, माझी सासू. सईचे केस अगदी बारीक कापलेले, गाल बसलेले, गळ्याची हाडं दिसत होती. मला आधी ओळखूच आली नाही, माझीच लेक. माझ्या हातातला पळा तसाच राहिला.

"बाबा, तुम्ही इथं कामाले लागले का?" तिने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं.

कंपनीत साहेब असल्याचं जिला मी सांगत आलो, तिच्यासमोर बादली घेऊन उभा होतो. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. म्हणालो, "नाही बेटा. बाबाकडे सध्या कामच नाही. कंपनी बंद झाली माझी." जे वाक्य मला महिनोन्‌महिने कोणापुढे बोलता आलं नव्हतं, ते भरल्या पंगतीत, अनोळखी माणसांच्या देखत निघून गेलं. सईने मान हलवली आणि पत्रावळ थोडी पुढे सरकवली. "मग मले वरण वाढा ना. भात कोरडाच आहे."

मी वाढलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून लगेच पुढे सरकलो आणि रांग संपेपर्यंत वाढत राहिलो.

पंगत उठल्यावर सासूबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता चार लोकांत माझा उद्धार होणार. त्या हळूच म्हणाल्या, "पोरीले टायफाइड झालता, जवाई. ताप उतरेच ना. दवाखान्यात तुमचंच नाव घे ते. वैशालीनं किती फोन केले तुम्हाले! पैशासाठी नव्हते ते." मी तिथेच खाली बसलो. त्या पुढे म्हणाल्या, "पोर उठली तं दर्शनाले आणीन म्हणून बोलली होती मी गणपतीले, म्हणून आलो. नवस पोरीसाठी होता. तुमच्यासाठी मी काही मागितलं नाही, खोटं काऊन बोलू? पण आता भेटलेच तं सांगते. काम गेलं त्यात लाज कायची? तोंड लपवून राह्यले, त्याची लाज वाटू द्या. वैशाली तिकडं कोर्टात एकटीच बसली आहे. उठा."

आम्ही तिघं मिळेल त्या बसने वर्ध्याला आलो. सई खिडकीशी बसून वाटेतली गावं मला दाखवत होती, आणि मी प्रत्येक गावाला हो म्हणत होतो.

सकाळी माझ्या नावाचा पुकारा होऊन गेला होता, पण प्रकरण दुपारी पुन्हा घ्यायचं ठेवलं होतं. मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि जे होतं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "इतके दिवस का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "लाज वाटली, साहेब." त्यांनी थकबाकी हप्त्यांनी भरायला परवानगी दिली आणि रक्कम कमी करून हवी असेल तर रीतसर वेगळा अर्ज करा म्हणाले. रागावलेही. ते रागावणं मला पटलं. बाहेर व्हरांड्यात वैशाली म्हणाली, "तुम्ही मुद्दाम देत नाही असं समजून मी रात्रंदिवस तुम्हाला शिव्या घातल्या. एक शब्द सांगितला असता तर निदान ते पाप तरी लागलं नसतं." ती रडत नव्हती. दवाखान्याच्या खर्चासाठी तिने ब्लाउज शिवण्याचं काम दुप्पट वाढवलं होतं, हे मला तिथेच कळलं. मी तिची माफी मागितली. तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

आम्ही आजही वेगळेच राहतो. देवळीतल्या एका जिनिंगमध्ये मी कापसाच्या वजनाला उभा असतो. पगार पूर्वीच्या निम्म्याइतकाही नाही. अर्जावर रक्कम थोडी कमी झाली, तीही ओढाताणीनेच जाते. एखाद्या महिन्यात उशीर होणार असेल तर मी आधी फोन करतो. दर वेळी फोन लावताना कान तापतात. पण लावतो.

भगव्या दुपट्ट्याच्या त्या माणसाला पुढे एकदा केळझरला गाठलं. सेलूत त्याचं सिमेंटचं दुकान आहे. मी सगळं सांगून त्याचे पाय धरायला गेलो तर तो संकोचून मागे सरकला. "मले तं आठवतही नाई भाऊ. गर्दीत कोणाच्याही हातात बादली देतो मी." बादली माझ्याच हातात का दिली, याचं उत्तर मला त्यातच मिळालं. ती कृपा होती की योगायोग, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की ज्या दिवशी मी सगळ्यांपासून तोंड लपवून निघालो, त्याच दिवशी मला माझ्या माणसांसमोर नेऊन उभं केलं गेलं.

शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवाच्या पायाशी टाकून मोकळं होणं, असं मला वाटायचं. माझं ओझं त्याने घेतलं नाही, ते माझ्याच डोक्यावर आहे आणि असायलाच हवं. त्याने फक्त मी पांघरलेलं खोटं तेवढं काढून घेतलं. उघडं पडण्याची लाज वाटली, अजूनही वाटते, पण त्या लाजेत आता मी एकटा नाही.

मागच्या रविवारी सईला भेटायला नाचणगावला गेलो होतो. शाळेत सगळ्यांना वडिलांबद्दल बोलायला सांगितलं होतं म्हणे. मी भीत भीत विचारलं, "मग तू काय सांगितलं?"

"सांगितलं, माझे बाबा जिनिंगमधी कापूस मोजतात," ती म्हणाली. "अन् फोन केला की उचलतात."