आत्याच्या घागरीचा आवाज

भूकंपानंतरची ती वर्षं. लातूर क्लासच्या पोरांनी भरून गेलं होतं. आमच्याही पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. मागची खोली माझी. तिथं कॉम्प्युटर, पेटीसारखा वाजवायचा जुना कीबोर्ड आणि आवाज घडवायचं एक सॉफ्टवेअर. खरा आवाज रेकॉर्ड करून त्यात घातला की तो सगळ्या पट्ट्यांवर पसरायचा. डावीकडं जाड, उजवीकडं बारीक. शाळांच्या गॅदरिंगचं संगीत मी त्यावरच करायचे.

एकदा आत्या दवाखान्यासाठी आली. तिचं घर भूकंपात गेलेलं, आता ती पुनर्वसनाच्या गावात राहायची. येताना ढिगाऱ्यातून निघालेली तांब्याची घागर घेऊन आली, चेप काढून घ्यायला. मी आधी ती माइकपुढं ठेवून वाजवली आणि तिला ऐकवलं.

"ही माझी न्हाई," आत्या म्हणाली. "हिचा आवाज असा फुटका नव्हता."

"मग कसा होता?"

तिला सांगता येईना. मग दुपारची भांडी झाली की ती माझ्याशेजारी येऊन बसू लागली. मी खरखर कापायचे, घुमारा वाढवायचे. ती डोळे मिटून ऐकायची. "लई लांबलं. आडावर ठेवल्यावर इतकी घुमत नसती." पुन्हा कमी करायचे. असं बरेच दिवस चाललं. दवाखान्याचं काम कधीच संपलं होतं.

एका दुपारी तिनं मान हलवली. "हां. हीच."

मला इतका आनंद झाला की हात डावीकडं गेला आणि खालची पट्टी दाबली गेली. आत्यानं डोळे उघडले.

"ही शेजारणीची," ती म्हणाली. "तिची मोठी होती. दोघी बरोबरच जायचो पाण्याला."

ती शेजारीण भूकंपात गेली, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडं आत्या तिच्याबद्दल कधी बोललेली नव्हती. आता ती स्वतःच एका बोटानं पट्ट्या दाबू लागली. ही कोपऱ्यावरच्या घरातल्या सासूबाईंची. ही नव्या नवरीची, लहानशी. भरताना तिचं निम्मं पाणी सांडायचं. आत्या हसत होती, मधेच पदरानं डोळे पुसत होती. पुढच्या खोलीतली पाठांतरं थांबली. दोन पोरं दारात उभी राहून ऐकत होती.

महिन्याभरानं ती पुन्हा आली, गावातल्या एका बाईला घेऊन. मी शेजारणीची पट्टी वाजवली.

"इतकी जाड न्हाई गं," बाई म्हणाली. "मी तिची जाऊ. मला ठाऊक हाय."

"तू आडावर कधी येत होतीस?" आत्या म्हणाली.

दोघी हटेनात. चहा निवून गेला. शेवटी मी जावेच्या म्हणण्याप्रमाणं एक जरा बारीक आवाज केला आणि दोघींचे दोन्ही सेव्ह केले, तेव्हा कुठं त्या एसटी गाठायला निघाल्या.