एकाच कानाची मशीन

मेसेज आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. बाबांच्या खात्याला माझा नंबर जोडलेला आहे, त्यामुळे त्यांनी राळेगावात पैसे काढले तरी फोन इकडे यवतमाळात माझा वाजतो. मी सहज नजर टाकली आणि खडू खाली ठेवला. ठरली होती तिच्या बरोबर दुप्पट रक्कम त्यांच्या कार्डावरून गेली होती.

बाबा त्या दिवशी एकटेच यवतमाळला आले होते, कानाची मशीन घ्यायला. मी रविवारी सोबत येते म्हटलं होतं. पण तहसील कचेरीत उभा जन्म काढलेल्या माणसाला कोणी हाताला धरून नेलेलं चालत नाही, आई गेल्यापासून तर नाहीच. आधी एकदा येऊन त्यांनी दुकानात कान तपासून घेतले होते, भाव ठरवला होता आणि मला सांगितलं होतं, "उजव्या कानाची एक घेतो. तेवढी पुरते मले."

मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. "बाबा, दुकानात किती पैसे दिले?"

"जेवलो ना," ते म्हणाले. "गाडीत बसून राह्यलो आता." आणि फोन कट झाला. म्हणजे मशीन अजून डबीतच होती.

शाळा सुटेपर्यंत मला कळेना, मी काय शिकवते आहे. सुटल्याबरोबर दुकान गाठलं. मालक अदबीने बोलणारा माणूस. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, बाबांनी दोन्ही कानांचं सांगितलं. पिन त्यांनीच टाकला. दुसरी मशीन नागपूरहून यायची आहे. आता या वयात ऐकण्यात फरक होतोच, नाही का?"

रोज बहिऱ्यांशी बोलणारा माणूस हे बोलत होता. मी उठले. तशीच बसस्टँडवर आले आणि राळेगावची गाडी धरली.

बाबा मशीन लावून ओसरीवर बसले होते. किती वर्षांनी मी त्यांच्याशी आवाज न चढवता बोलले, तेही हे सांगायला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मशीन कानातून काढली, रुमालाने पुसली, डबीत ठेवली.

"मी एकाचंच म्हटलं होतं. कार्डाची मशीन दुकानातल्या पोरीच्या हातात होती, रक्कम दिसते ती बाजू तिच्याकडं. तिनं बोट दाखवलं तिथं पिन दाबला मी." डबीचं झाकण त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "याचा निकाल लागेपर्यंत लावत नाही. वापरली तर म्हणतीन, सौदा मान्य होता."

झालं, माणूस पुन्हा बहिरा. पुण्याहून भावाचा फोन आला. "अगं, खरंच त्यांनी हो म्हटलं असेल. त्यांना कुठे काय ऐकू येतं?" मी रागाने फोन ठेवला, पण ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. एक दिवसाआड मी शाळेतून थेट राळेगावला जायचे. बाबा अंगणात नळापासून फाटकापर्यंत येरझारा घालत असायचे. चहा निवून जायचा. बसा म्हटलं की बसायचे आणि लगेच उठायचे.

तक्रार द्यायला आम्ही बँकेत गेलो, तिथे एक तरुण अधिकारी होती. बाबा समोर बसलेले, पण ती सगळं मलाच विचारत होती. बाबांनी टेबलावर बोट वाजवलं. "माझ्याशी बोला, बाई. खातं माझं आहे."

ती जरा वरमली. मग खुर्ची त्यांच्याकडे वळवून सावकाश बोलली, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसतील असं. "पिन टाकताना आकडा पाहिला होता का, काका?"

"नाही पाहिला."

"असं लिहिलं तर केस कच्ची होते."

"लिहा. नाही पाहिला तर नाही पाहिला."

"आणि एकाच कानाला का हवी होती? ते कारण दिलं तर बरं."

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी कानाशी वाकून पुन्हा विचारलं. "तेवढीच पाहिजे होती," ते तुटकपणे म्हणाले.

काही आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. व्यवहार पिन टाकून झालेला आहे आणि दुकानदार ग्राहकाची संमती होती म्हणतो, म्हणून तक्रार बंद. मी तो मेसेज बाबांना दाखवला आणि तावातावाने म्हटलं की आपण ग्राहक मंचात जाऊ. "पण बाबा, तिथेही हेच विचारतील. एकच का? काय सांगायचं?"

ते नळाशी थांबले. मग येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"डावा कान नाहीच मले. लहानपणी गोवर झाला, तेव्हा गेला तो. त्यात मशीन घातली काय अन् कापूस घातला काय, सारखंच."

मला एकदम आठवलं. लहानपणी रस्त्याने चालताना ते आम्हाला नेहमी उजव्या हाताला घ्यायचे, गाड्यांच्या बाजूला, आणि आई दरवेळी चिडायची की पोरांना आतून चालवा म्हणून.

"मग सांगितलं का नाही?"

"नोकरीत लागलो तेव्हा डॉक्टरनं कानाजवळ घड्याळ धरलं होतं. डाव्या बाजूले धरलं तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं अन् मान हलवली. फिट लिहिलं त्यानं." त्यांचा आवाज खाली गेला. "आता हे कागदावर आलं अन् पेन्शन थांबवली तर?"

एवढ्या दिवसांच्या येरझारा कशापायी होत्या, ते मला तेव्हा समजलं. मी त्यांना समजावलं नाही, कारण मलाही खात्री नव्हती. तेच थोड्या वेळाने म्हणाले, "मंचात सारं कागदावर येते. उद्या सुट्टी काढ. दुकानात जाऊ."

दुकानात त्यांनी डबी काउंटरवर ठेवली आणि डावा कान मालकापुढे केला. "दुसरी आली असंल तर लावा. मी बसतो."

"अजून यायची आहे, काका."

"मग तुमची तपासणी काढा. या कानाची."

मालकाने कॉम्प्युटरवर शोधलं. "याच्यात तर काहीच ऐकू येत नाही," तो माझ्याकडे वळून म्हणाला.

"त्यांना सांगा," मी म्हटलं.

तो बाबांकडे वळला. मग पिन दाबायला सांगणाऱ्या मुलीला आतून बोलावून घेतलं. ती खाली मान घालून म्हणाली, दोन कानांचंच पॅकेज जास्त जातं, सवयीने तोच आकडा टाकला असेल. चूक होती की लबाडी, मला आजही ठाऊक नाही. मालकाने आमच्यासमोर बँकेला चूक कबूल करणारं लिहून दिलं, आणि थोड्या दिवसांनी जास्तीची रक्कम खात्यात परत आली. मेसेज दाखवला तेव्हा बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि डबी उघडली.

मला वाटलं होतं, पेन्शनची धास्ती गेली की ते निवांत होतील. म्हणून मी पेन्शन निघते त्या कोषागारात ओळखीच्या एका गृहस्थांना आडून विचारलं. ते हसले. एवढ्या वर्षांनी कोण कशाला जुनं उकरतंय, म्हणाले. रविवारी राळेगावला जाऊन मी बाबांना हे सांगितलं, अगदी हळू आवाजात. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"तू विचारलंच काहून?" ते म्हणाले. "माझं नाव सांगितलं?"

"नाही, बाबा."

"तुझं आडनाव तर माहीत असंल त्याले."

"ते सासरचं आहे."

त्यांनी जरा विचार केला. "हां," म्हणाले, आणि उठून पुन्हा फाटकाकडे चालू लागले.